साडेचार वर्षांच्या लेकीने चित्रं काढणं एकदम सोडलंय. चूक माझीच आहे का?

टेबलाखालचा_बाबा:

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

लेक साडेचार वर्षांची आहे. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत तिची एक ठरलेली जागा होती, जेवणाच्या टेबलाखाली. तिथे पालथं पडून, मी ऑफिसातून आणलेल्या पाठकोऱ्या कागदांवर ती चित्रं काढायची. तोंडाने अखंड बडबड चालू. कधी एका बैठकीत दहा कागद संपायचे, कधी एकाच कागदावर तासभर.

एक दिवस तिने आजीचं चित्र काढलं. म्हणजे एक भलंमोठं गोल डोकं आणि त्यात दात. सतरा दात, मी मोजले. आजीने त्याच आठवड्यात नवी कवळी बसवली होती. डोक्यातूनच थेट दोन लांब पाय निघालेले. मान नाही, पोट नाही, हात नाहीत. मी हसत म्हणालो, "अगं, आजीचं पोट कुठंय?" आणि तिच्या हातातली पेन्सिल घेऊन मान, खांदे, पोट, दोन्ही हातांना पाच-पाच बोटं असं सगळं काढून दिलं. "आता झाली ना छान आजी?" तिने मान हलवली.

त्याच सुमारास शाळेच्या वहीत शेरा आला, "रंग रेषेबाहेर जातो. घरी सराव घ्यावा." मग रंगवायची पुस्तकं आणली. ती कंटाळायला लागली म्हणून फ्रिजवर तक्ता लावला. एका चित्राला एक तारा, दहा तारे झाले की खेळणं. पहिल्या आठवड्यात अकरा चित्रं! मी खूश. नंतर नीट बघितलं तर अकराही सारखीच. एक गोल, दोन टिंबं, झालं चित्र. खेळणं मिळालं आणि चित्रं बंद. आता रंगांची पेटी पुढे केली की म्हणते, "तूच काढ, मला येत नाही."

घरात दोन मतं आहेत. एक म्हणतं की आळस आहे, चित्रकलेच्या क्लासला घाला. दुसरं म्हणतं, चित्राचं काय घेऊन बसलात, अक्षरं गिरवायला लावा, तेच पुढे कामाला येईल. मला खरंच कळत नाहीये. या वयात चित्र, गाणी, मातीकाम यांनी शिकण्यात काही फरक पडतो का, की तो नुसता वेळ घालवायचा उद्योग आहे?

---

निवृत्त_बाई:

अहो बाबा, आधी पाणी प्या. एकतीस वर्षं बालवाडीत काढली आहेत. तुमच्यासारखे बाबा दरवर्षी दोन-तीन तरी भेटायचे. आणि आया. आणि पहिली काही वर्षं मी स्वतः.

पोट नसलेल्या आजीपासून सुरुवात करते. डोक्यातून पाय फुटलेला माणूस साधारण तीन ते पाच वयाची बहुतेक मुलं काढतात. ती चूक नव्हे. आधी नुसत्या रेघोट्या असतात. मग कधीतरी रेघ फिरून स्वतःलाच येऊन मिळते आणि गोल होतो. एका गोलात माणूस मावतो हे ज्या दिवशी मुलाला कळतं, तो दिवस पहिलं पाऊल टाकण्याइतकाच मोठा. फक्त त्याचे फोटो कोणी काढत नाही. रोडा केलॉग नावाच्या अमेरिकन बाईंनी लहान मुलांची लाखो चित्रं गोळा केली होती. दोन वर्षांच्या मुलांच्या रेघोट्यांमधूनच त्यांनी वीस मूळ प्रकार वेगळे काढले. आपल्याला तो नुसता गिचमिडकाला दिसतो.

आता दातांचं. जॉर्ज-आंरी ल्युके या फ्रेंच अभ्यासकाने आपल्या लेकीची चित्रं जपून ठेवून त्यांचा अभ्यास केला आणि १९१३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे त्याने जे मांडलं ते थोडक्यात असं, की लहान मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला ठाऊक असतं ते काढतं. म्हणून घराची भिंत आरपार दिसते आणि आतली खाटही दिसते. त्या आठवड्यात तुमच्या लेकीला आजीबद्दल सगळ्यांत महत्त्वाचं काय ठाऊक होतं? कवळी! सतरा दात काढलेत, म्हणजे ती आजीच्या तोंडाकडे किती वेळ टक लावून बसली असेल बघा. आणि तुम्ही तिला विचारलंत पोट कुठंय.

रागावू नका. हे मी पण केलंय. आमच्या वर्गात एक मुलगा होता, साडेतीन वर्षांचा. त्याने कागदावर घर काढलं, शेजारी झाड काढलं. मग निळा खडू आडवा धरून "पाऊस आला, पाऊस आला" करत वरून खाली घासायला लागला. मग "चिखल झाला" म्हणून तपकिरी. मग "रात्र झाली" म्हणून काळा. घर गेलं, झाड गेलं, कागद एका ठिकाणी फाटला. तो खडू ठेवून म्हणाला, "सगळे झोपले." आई न्यायला आली तेव्हा त्याने तो काळा कागद तिच्या हातात दिला. तिने मागून-पुढून पाहिला आणि मला विचारलं, "आज काही केलंच नाही का याने?" तोवर मीही असे कागद महिनाअखेरीला रद्दीत टाकत होते. त्या दिवशी निव्वळ योगायोगाने त्याच्या शेजारी बसले होते, म्हणून ती पूर्ण गोष्ट मला ऐकायला मिळाली. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं होतं तिच्यात. कागदावर मात्र फक्त शेवट उरला होता.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर असं, की फरक पडतो, पण तो फ्रिजवर चिकटवता येईल अशा जागी पडत नाही. "हा गोल म्हणजे आजी" असं मूल ठरवतं, तेव्हा एक खूण दुसऱ्या कशाच्या तरी जागी उभी करायला ते शिकतं. पुढे "क" ही खूण एका आवाजाच्या जागी उभी राहते, तीही याच जोरावर. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की यांनी खेळ, चित्र आणि लेखन एकाच वाटेवरचे टप्पे मानले होते. काठीचा घोडा करणारं मूल अक्षराच्याच दिशेने निघालेलं असतं. तेव्हा घरातल्या दुसऱ्या मताला सांगा, टेबलाखाली चाललं होतं ते लिहिणंच होतं.

आणि तो तारे-तक्ता. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ सालचा एक प्रयोग आहे. तीन ते पाच वर्षांची ५१ मुलं, सगळी आपणहून आवडीने चित्रं काढणारी. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी तारा लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता नंतर अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात कोण किती चित्रं काढतं ते लपून पाहिलं. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. बक्षिसासाठी काढलेली चित्रंही तुलनेने उतरलेली होती. तुमची अकरा चित्रं आठवली का?

आता करायचं काय? तक्ता समारंभ करून काढू नका, एक दिवस गुपचूप उतरवा. रंगवायची पुस्तकं वरच्या कपाटात. पाठकोरे कागद परत टेबलाखाली ठेवा आणि "काढ ना" म्हणू नका. तिने काही काढलंच तर "हे काय आहे?" असं विचारू नका. त्या प्रश्नात "ओळखू येत नाहीये" हे लपलेलं असतं आणि मुलांना ते बरोबर ऐकू येतं. "व्वा, किती सुंदर" हेही जरा आवरतं घ्या. जे दिसतंय तेवढंच बोला. "इथे फार जोरात दाबलंयस." "ही रेघ पार कडेपर्यंत गेली." पुढचं ती सांगेल, नाहीतर नाही सांगणार. आणि तिच्या कागदावर तुमची पेन्सिल पुन्हा कधीही नाही. कधीही म्हणजे कधीही.

---

हातखंडा:

बाईंशी सहमत. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, रोज याच वयाच्या मुलांचे हात बघते, म्हणून फक्त हातापुरतं लिहिते.

रेषेच्या आत रंगवणं हे साडेचार वर्षांच्या मुलाकडून अपेक्षितच नाही. हाताचा ताबा खांद्याकडून खाली येतो. आधी सगळा दंड फिरतो, मग कोपर, मग मनगट, आणि बोटांनी बारीक हालचाल सगळ्यांत शेवटी. दीड-दोन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं. चारच्या आसपास तीन बोटांत धरायला लागतं, पण हलतं मनगट, बोटं नाही. फक्त बोटं हलवून लिहिणं बऱ्याच मुलांना पाच-सहाच्या सुमारास जमतं. आकारांचंही तसंच. बघून गोल काढणं साधारण तिसऱ्या वर्षी, अधिकचं चिन्ह चौथ्या, चौकोन साडेचार-पाच, त्रिकोण पाचच्या पुढे. तिरकी रेघ अवघड असते, कारण ती एकाच वेळी दोन दिशांना जाते. आपली अक्षरं आठवून बघा, गोल, तिरकी रेघ, काना, गाठ, सगळं एकात एक अडकलेलं. जिला अजून त्रिकोण येत नाही तिच्याकडून "क्ष" गिरवून घेण्यात काय अर्थ आहे?

त्यापेक्षा हे करून बघा. मोठा कागद भिंतीवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवा. उभ्या कागदावर काढताना मनगट आपोआप मागे वळतं, लिहिताना लागतं तसं. खडू मोडून अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे द्या, मुठीत मावतच नाहीत म्हणून तीन बोटांतच धरावे लागतात. (नवी पेटी मोडायला पालकांचा जीव होत नाही, मला ठाऊक आहे. मोडा.) माती मळणं, कागद फाडणं, बोथट कात्रीने कापणं यातून जी ताकद येते ती गिरवण्याने येत नाही.

एक गोष्ट मात्र तपासा. ती फक्त चित्रं टाळते, की बटणं लावणं, ठोकळे रचणं, कात्री, सगळंच टाळते? पूर्वी येणारं काही येईनासं झालंय का? हात लवकर दुखतो म्हणते का? तसं असेल तर प्रत्यक्ष तज्ज्ञाला दाखवा. तुमच्या वर्णनावरून तरी हा हाताचा प्रश्न वाटत नाही.

---

सरळरेषा:

माफ करा, पण हे जरा अतीच होतंय. आमच्या चिरंजीवांना तारे देऊन देऊनच दात घासायची सवय लागली, काही बिघडलं नाही. आणि कलेने मुलं हुशार होतात वगैरे जाहिरातबाजी आहे. बायको गरोदर असताना आम्ही पोटातल्या बाळाला मोझार्टचं संगीत ऐकवलं. पोरगा आता पाच वर्षांचा आहे, गणितात यथातथाच. उद्या शाळेत लिहिता आलं नाही तर "याने आजीचे दात फार छान काढले होते" असं सांगू का बाईंना?

---

निवृत्त_बाई:

सांगाच! मी बाई असते तर मला आवडलं असतं.

दात घासण्याचा मुद्दा मात्र बरोबर आहे तुमचा. मी मघाशी पुरेसं स्पष्ट लिहिलं नाही. त्या प्रयोगातली मुलं आधीपासून चित्रं आवडणारी होती. जे काम मुलाला मुळात नकोच आहे, दात घासणं, औषध घेणं, तिथे ताऱ्याने सुरुवात व्हायला हरकत नाही, तिथे गमावण्यासारखी आवड नसतेच. आणि ज्यांना बक्षीस अचानक मिळालं त्यांचीही आवड कमी झाली नव्हती. गडबड झाली ती सौदा आधी ठरला तिथे.

मोझार्टचं तर तुम्ही माझ्या मनातलं बोललात. १९९३ साली जो प्रयोग गाजला तो ३६ कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता. बाळांवर नव्हे, गर्भातल्या तर नव्हेच. दहा मिनिटं संगीत ऐकवल्यावर आकृत्या जुळवण्याच्या एका परीक्षेत ते थोडे पुढे गेले आणि पाव तासात परिणाम ओसरला. एवढ्यावर लोकांनी कॅसेटी विकल्या.

नुसतं ऐकवणं आणि मुलाने स्वतः करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, साहेब. ग्लेन शेलेनबर्ग यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा वर्षांच्या १४४ मुलांचे गट केले होते. काहींना वर्षभर कीबोर्ड किंवा गाणं शिकवलं, काहींना नाटक, काहींना काहीच नाही. बुद्ध्यंक सगळ्यांचाच वाढला, संगीतवाल्यांचा इतरांपेक्षा तीनेक गुणांनी जास्त. म्हणजे फार नाही. पण नाटकवाली मुलं माणसांत वागायला जास्त सुधारली. मला विचाराल तर ते दुसरं जास्त मोलाचं. वाघ झालेल्या मुलाला समोरचा ससा खरंच घाबरलाय का हे बघावं लागतं, आणि खरंच घाबरला असेल तर वाघाला थांबावं लागतं. हे तुम्ही त्याला बसवून शिकवू शकाल?

आणि लिहिण्या-वाचण्याचीच काळजी असेल तर यमकं जुळवा. ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी १९८३ साली दाखवलं होतं की चार-पाच वर्षांच्या ज्या मुलांना यमक आणि सुरुवातीचा सारखा आवाज चटकन ओळखता येतो, ती पुढे वाचनात आणि शुद्धलेखनात बरी निघतात. त्याला काही लागत नाही. जिना चढता चढता "मोजा-बोजा-सोजा-लोजा" करा. निरर्थक शब्द निघाला की मुलं खिदळतात. खिदळली म्हणजे आवाज वेगळा काढता आला. शब्द मोडून बघता आला की तो जोडताही येतो.

---

सरळरेषा:

लोजा म्हणजे काय पण?

---

निवृत्त_बाई:

तुमच्या चिरंजीवांना विचारा. ते सांगतील.

---

टेबलाखालचा_बाबा:

तीन आठवडे झाले. काय झालं ते सांगायला आलोय. सगळ्यांचे आभार, विशेषतः बाईंचे. तुमचं पहिलं उत्तर वाचून दोन दिवस चिडलो होतो.

तक्ता एका रात्री उतरवला. सकाळी तिने फ्रिजकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दूध मागितलं. बस. कागद टेबलाखाली ठेवले, खडू मोडले (जीव झाला नाही, पण मोडले). पाच दिवस तिने ढुंकून पाहिलं नाही. सहाव्या दिवशी मला राहवेना. "काढ ना" म्हणायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मीच टेबलाखाली शिरलो. गुडघे, पाठ, सगळं बोंबललं. एक कागद घेऊन माझ्यासाठी म्हणून एक खुर्ची काढायला लागलो. शाळा सुटल्यापासून मी काही काढलेलं नाही. खुर्ची अशी झाली की तिच्यावर कोणी बसलं तर पडेल. आजीची मान नि खांदे एवढ्या तोऱ्यात काढून देणारा मी, आणि साधे चार पाय एका जमिनीवर येईनात.

ती बाहेरून वाकून बघत होती. म्हणाली, "बाबा, चौथा पाय कुठंय?"

मी पेन्सिल तिच्याकडे करणारच होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "राहू दे. ही तुझी खुर्ची आहे. माझी मी वेगळी काढते." आणि दुसरा कागद ओढला.

तिच्या खुर्चीला सात पाय आहेत. मी काही विचारलं नाही. फक्त म्हणालो, "हा पाय सगळ्यांत लांब गेलाय." त्यावर तिने जे सांगायला सुरुवात केली ते रात्री झोपेपर्यंत चालू होतं. त्या खुर्चीला रात्री चालायचं असतं म्हणे, आणि एक पाय झोपला तरी बाकीचे जागे राहतात.

रोज काढते असं नाही. मधे चार दिवस पुन्हा सगळं थंड होतं. शाळेतून परवा पुन्हा तोच शेरा आला. या वेळी भेटून हातखंडाताईंचं खांदा-कोपर-मनगट त्यांना जमेल तसं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी, पटलं का ते कळलं नाही. आजीला मात्र सतरा दातांची गोष्ट सांगितली. तिने तो कागद मागून घेतला. आणि मी काढलेलं पोट खोडरबराने पुसून टाकलं. हात पण.

ता. क. भिंतीवरचा कागद छोटा पडला आणि खुर्चीचा एक पाय भिंतीवर गेलाय. मेणाचा खडू आहे. कशाने निघतो?

---

हातखंडा:

ओल्या फडक्यावर चिमूटभर खायचा सोडा घेऊन हलक्या हाताने गोल गोल चोळा, मग साध्या पाण्याने पुसा. आधी कोपऱ्यात करून बघा, काही रंग सोड्याने फिकट पडतात. आणि पुढच्या वेळी कागदाला कागद जोडून चांगला दीड हात रुंद करा. खांद्यापासून हात फिरवते आहे ती, तिला तेवढा लागणारच.